मामंजींची सायकल आणि तीन बंदुका



यंदा दिवाळीनंतर आमच्या ह्यांनी मामंजींची जुनी सायकल जिन्याखालून अंगणात काढली. मामंजी जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांनी ती १९५२ साली वापरलेली अशी विकत घेतली होती, ११० रुपयांना. त्यांच्या वहीत तशी नोंद आहे. मी कॉमर्सची. माझ्या हिशेबाने तिचा घसारा केव्हाच पूर्ण होऊन किंमत शून्य झालेली. पण ह्यांनी रॉकेलचा डबा, पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साइड आणून ठेवलं तेव्हा मी काही बोलले नाही.

पहिल्याच दिवशी काम अडलं. हँडलची एक मूठ गळून गेली होती आणि त्या नळीत कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. ते रिकामं होईपर्यंत आम्ही थांबलो. मामंजी असते तर थांबलेच असते. चातुर्मासात दिव्याभोवती किडे फार म्हणून अंधार पडल्यावर ते सायकल बाहेर काढत नसत, बाजारातून चालत येत.

नंतर नातू मदतीला बसला. हँडलखालच्या पुढच्या नळीवर काळ्या रंगाचा एक जाड गोल ठिपका होता. तिथे तो पाण्यातला बारीक पेपर हलक्या हाताने घासत होता. एकदम ओरडला, "आजी, आत सोनेरी काहीतरी आहे!" मी चष्मा लावून पाहिलं. बंदुकीचा दस्ता.

पायडलच्या दांड्यावरचा मळ काढला तर तिथेही तेच चिन्ह लोखंडात ठोकलेलं. तीन बंदुका, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. इतकी वर्षं आमच्या घरात 'बीएसए, बीएसए' म्हणत होते, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी.

मग मी हा इतिहास वाचायला घेतला. क्रिमियाच्या युद्धाला बंदुका पुरवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १८६१ मध्ये ही कंपनी काढली. सरकारने एनफील्डला यंत्रावर बंदुका करायला सुरुवात केली होती. हाताने काम करणाऱ्यांचा धंदा बसणार हे दिसत होतं, म्हणून त्यांनीही स्मॉल हीथ इथे यंत्रांचा कारखाना उभारला. यंत्राचा फायदा असा की प्रत्येक सुटा भाग सारख्या मापाचा होतो. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसतो.

पण बंदुकांचा धंदा युद्धावर चालतो. लढाई थांबली की मागणी थांबते. १८७८-७९ च्या सुमारास तर काम नाही म्हणून कारखाना बंद ठेवावा लागला. एवढी यंत्रं रिकामी ठेवणं कोणत्या मालकाला परवडेल? १८८० मध्ये ऑटो नावाचा एक माणूस आपली दुचाकी घेऊन आला. तिची दोन्ही चाकं शेजारी-शेजारी होती. त्याने ती संचालकांच्या टेबलावर चालवून दाखवली, असं सांगतात. कंपनीने ती करायला घेतली आणि मग इतर सायकलीही. काही वर्षांनी सरकारकडून नव्या रायफलींची मागणी आली तशी सायकल बंद झाली. १८९३ मध्ये सायकलीचे सुटे भाग पुन्हा सुरू झाले. यंत्रं तीच आणि हातही तेच, फक्त माल बदलत होता.

त्या सारख्या मापाचा गुण आमच्याही अंगणात दिसला. पायडलच्या एक्सलची उजवी वाटी काही केल्या निघेना. शेवटी मिस्त्रींनी सांगितलं, "काका, त्या बाजूचे आटे उलटे असतात." डावीकडे फिरवण्याऐवजी उजवीकडे फिरवली आणि सुटली. या आट्यांच्या मापाला जगभर आजही बीएसएचंच माप म्हणतात. मिस्त्रींनी नवे छर्रे भरून दिले. छर्रे हा शब्दसुद्धा पाहा, बंदुकीतही तेच आणि सायकलीतही तेच.

पहिल्या महायुद्धात या कारखान्यातून सुमारे १५ लाख रायफली बाहेर पडल्या. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल निघाली. १९४० च्या नोव्हेंबरात याच कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ५३ कामगार गेले. शस्त्र करणारेही शस्त्राने गेले, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझ्याने ते म्हणवेना. पोटासाठी कामावर आलेली माणसं होती ती. १९५७ मध्ये कंपनीने सायकलींचा धंदा रॅलेला विकला. भारतात हे नाव पुढे मद्रासच्या टीआय सायकल्सकडे आलं. माझी मुलगी कॉलेजला बीएसए लेडीबर्डच नेत असे.

आता प्रश्न त्या ठिपक्याचा होता. नातू म्हणाला, "आजोबा, सगळा काळा रंग काढू. ओरिजिनल चिन्ह चमकलं पाहिजे." हे काही बोलेनात. मी सासूबाईंना विचारलं. त्या आता नव्वदीच्या आहेत.

"त्यांनीच झाकलं होतं," त्या म्हणाल्या. "घेतली त्याच आठवड्यात. रोज बस्तीच्या दारात लावायची असते ना."

एवढंच. सायकल त्यांनी टाकून दिली नाही, कारण तिच्यावर घर चालणार होतं. कोणाला उपदेशही केला नाही. एक ब्रश घेतला आणि आपल्यापुरतं झाकलं.

जुनं पुन्हा जसंच्या तसं करायचं म्हणजे नेमकं कोणत्या सालचं करायचं? कारखान्यातून निघाली त्या दिवशीचं, की मामंजींनी पन्नास वर्षं चालवली तसं? आमचं उत्तर ठरलं. ह्यांनी त्या ठिपक्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि बाकी सांगाड्याला प्रायमर मारून, घासून, काळ्या इनॅमलचे तीन पातळ हात दिले. प्रत्येक हात दोन दिवस वाळू दिला. कारखान्यात हा रंग भट्टीत भाजत असत, तेवढा टणक तो घरी होत नाही. पण ऊन चांगलं होतं.

चिकटपट्टी काढली तेव्हा मामंजींचा ठिपका तसाच होता, थोडा ओबडधोबड. नातवाने घासलं तिथे एका बंदुकीचा दस्ता दिसतो. बाकी सारं झाकलेलं. तेही तसंच ठेवलं आहे. पायडलच्या दांड्यावरचं चिन्हही आहेच, ते लोखंडातच आहे.

आता हे रोज सकाळी तिच्यावरून बस्तीत जातात.

जय जिनेंद्र.