युद्ध सरले, रायफली उरल्या



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आम्ही बंदुकीचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे आपल्यापैकी कित्येकांस नवल वाटले असेल. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. बंदूक आम्ही कधी हाती धरली नाही, आणि धरण्याची हौसही नाही. परंतु कारखान्यात घडणाऱ्या वस्तूचा इतिहास हा ती घडवणाऱ्या हातांचाही इतिहास असतो, अशी आमची समजूत आहे. युद्ध संपते, सैनिक घरी जातात, कारखान्यातली जादा पाळी बंद होते. पण घडवलेल्या लक्षावधी रायफलींचे काय होते? हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही. तो आज आपण विचारू.

या कहाणीचे मुख्य स्थळ अमेरिका होय. तेथे १८७१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा नेम फारच कच्चा दिसला, नागरिकाला नेमबाजी शिकवली पाहिजे, हा तिच्या संस्थापकांचा विचार होता. पुढे १९०३ साली सरकारने नेमबाजीच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय मंडळ नेमले आणि १९०५ च्या कायद्याने सैन्याच्या शिलकी रायफली नेमबाजी मंडळांना विकण्याची सोय केली. सैन्याने नवी स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली होती, त्यामुळे जुन्या क्रॅग रायफली कोठारात पडून होत्या. जुना माल खपावा आणि नागरिक नेमबाज व्हावा, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता.

सरकारच्याही आधी एका व्यापाऱ्याने ही संधी ओळखली होती. फ्रान्सिस बॅनरमन हा त्याचा धनी. यादवी युद्धानंतरच्या लिलावांत त्याच्या घराण्याने या धंद्यात पाय रोवला आणि १८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धानंतर तर त्याने शिलकी मालाचा प्रचंड साठा विकत घेतला. एवढी दारू न्यूयॉर्क शहरात ठेवायची कोठे? तेव्हा त्याने १९०० साली हडसन नदीतले पोलेपेल नावाचे बेट घेतले आणि त्यावर किल्ल्याच्या घाटाची कोठारे बांधली. १९२० साली तेथील दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. त्या किल्ल्याचे पडके अवशेष आजही नदीत उभे आहेत.

खरा पूर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युरोपातली सैन्ये स्वयंचलित शस्त्रांकडे वळली आणि एकेक गोळी हाताने बोल्ट ओढून भरायच्या रायफली एकदम म्हाताऱ्या झाल्या. इंग्रजांची ली-एन्फील्ड, जर्मनांची माउझर, इटलीची कारकानो यांचे ढीग सरकारांना नकोसे झाले. १९५३ साली सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या तरुणाने इंटरआर्म्को ही कंपनी काढली आणि व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथील गोदामे अशा मालाने भरली. नवी कोरी शिकारी रायफल बरीच महाग होती; शिलकी रायफल दहा-वीस डॉलरला, तीही टपालाने घरपोच. ज्याची ऐपत बेताची, त्याला हरणाच्या शिकारीचे किंवा रविवारच्या नेमबाजीचे दार उघडले.

पण केवळ स्वस्ताई हेच आकर्षणाचे कारण असते, तर ही हौस पाच-दहा वर्षांत विरली असती. तिच्या मुळाशी आणखी काही आहे, आणि ते आम्हांस कामगाराच्या नजरेने अधिक स्पष्ट दिसते. ही रायफल हातात येते ती कॉस्मोलीन नावाच्या चिकट मेणासारख्या वंगणात माखलेली. ते काढताना घरभर वास सुटतो, चिंध्यांचा ढीग होतो. त्याखालून हळूहळू शिक्के दिसू लागतात : कारखान्याचे चिन्ह, वर्ष, तपासनिसाची मोहोर. जुन्या लष्करी काडतुसांतही मेहनत असे. त्यांच्या टोपीतल्या मसाल्याची राख क्षाराची. हवेतला ओलावा ओढून ती नळीला गंज चढवते. म्हणून खेळ झाल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची, पुसायची, तेल लावायचे. ज्याला कष्टाचा कंटाळा त्याने या वाटेला जाऊ नये. उलट ज्याचे हात चालतात, त्याला या कष्टातच वस्तूची ओळख पटते.

सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला तेव्हा मोसिन-नागान रायफलींची कोठारे उघडली. १८९१ साली स्वीकारलेली ही रायफल. तुला शहरातला कारखाना १९४१ साली जर्मन सैन्य जवळ आल्याने हलवावा लागला. इझेव्स्क येथे मात्र रात्रंदिवस काम चालले. आजही जाणता हौशी नेमबाज १९४२-४३ सालच्या रायफलीवर बोट फिरवून सांगतो की, हिची घासाई नीट झालेली नाही, कटरचे ओरखडे तसेच आहेत. शांततेच्या काळातला माल गुळगुळीत, युद्धातला खडबडीत. घासायला वेळ नव्हता. आघाडी वाट पाहत होती. आम्हांस विचाराल तर त्या घाईची नोंद कोणत्याही सेनापतीच्या आत्मचरित्रापेक्षा त्या ओरखड्यांत अधिक खरी आहे. हीच रायफल पुढे अमेरिकेत कित्येक वर्षे शंभर डॉलरच्या आत मिळत होती, आणि तिची काडतुसे पत्र्याच्या सीलबंद डब्यांतून येत.

स्वित्झर्लंडच्या १९३१ सालच्या रायफलीची गोष्ट याहून हृद्य आहे. तिच्या दस्त्याच्या टोकाची धातूची पट्टी काढली की आत कधी कधी एक कागदाचा कपटा सापडतो. त्यावर ती बाळगणाऱ्या सैनिकाचे नाव आणि पलटण लिहिलेली असते. विकत घेणाऱ्याला मग कळते की आपण नुसते लोखंड-लाकूड घेतले नाही, कोणाच्या तरी खांद्यावरचा भार घेतला आहे.

या साखळीत आपलाही एक दुवा आहे. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ली-एन्फील्डच्या घडणीवर, पण ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी, नवी रायफल काढली. तीही पुढे अमेरिकेच्या बाजारात पोचली. ‘आर. एफ. आय.’ हा शिक्का आज तिकडच्या हौशी लोकांना चांगला परिचित आहे. आमच्या पुण्याशेजारच्या खडकीचे .३०३ चे काडतूसही त्यांना ठाऊक आहे, बुडावरची ‘के. एफ.’ ही अक्षरे म्हणजे किरकी फॅक्टरी. खडकीच्या पाळीवर जाणाऱ्याला आपल्या हातचा माल कोठवर जाईल याची कल्पना कोठून असणार? आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सैन्याच्या जातीची रायफल सामान्य नागरिकास मिळत नाही. आपली जुनी .३०३ सैन्यातून निघाली ती पोलिसांच्या खांद्यावर गेली. २००८ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर तीच घेऊन पोलीस उभे होते, हे मुंबईकर विसरलेला नाही. हौशी माणसाचा जिव्हाळ्याचा ठेवा आणि शिपायाच्या जिवाचा प्रश्न, ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत.

आता नाण्याची दुसरी बाजू. स्वस्त माल आला की घरचा कारागीर हवालदिल होतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात बंदुकांचे मोठे कारखाने होते. त्या राज्याचे सिनेटर जॉन केनेडी यांनी १९५८ साली परदेशी शिलकी लष्करी शस्त्रांची आयात बंद करण्याचे विधेयक मांडले. तसा सरसकट कायदा मात्र तेव्हा झाला नाही. पाच वर्षांनी, मार्च १९६३ मध्ये, ली हार्वे ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने एक इटालियन कारकानो मागवली. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट. त्याच रायफलीने २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला, असा वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे. इतिहास कधी कधी इतका क्रूर योग जुळवून आणतो की कादंबरीकारानेही तो लिहू धजू नये.

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने टपालाने होणारी बंदूकविक्री व शिलकी शस्त्रांची आयात दोन्ही रोखली गेली. पुढे १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य ठरलेल्या रायफलींपुरता आयातीचा दरवाजा पुन्हा किलकिला झाला. आज ते ढीग आटले आहेत. ज्या रायफलींचे दस्ते एके काळी लोक शिकारीच्या सोयीसाठी बेधडक कापत, त्या अखंड राहिल्या असतील तर संग्राहक आता त्यांना कैक पट किंमत देतात. गरिबाची वस्तू दुर्मिळ झाली की श्रीमंताची होते, हा बाजाराचा जुनाच नियम.

संघटनेचा माणूस म्हणून आम्हांस विचाराल की यात तुम्ही कोणाच्या बाजूचे, तर उत्तर सोपे नाही. माल बनवणाऱ्या कामगाराची रोजी त्या आयातीने धोक्यात येत होती. आणि तो माल हौसेने घेणारा पुष्कळदा दुसऱ्या कारखान्यातला कामगारच होता. पण एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगू. ती रायफल स्वस्त कधीच नव्हती. तिची पूर्ण किंमत आधीच चुकती झाली होती : कर भरणाऱ्या जनतेने पैशांत, कारखान्यातल्या स्त्रीपुरुषांनी रात्रपाळीत, आणि खंदकातल्या पोरांनी रक्तात. दुकानदाराने मागितले ते फक्त वरचे वीस डॉलर. तिच्यावरचे वंगण पुसताना ज्याला एवढे उमगले, त्याची हौस आम्ही समजू शकतो. ज्याला ते उमगले नाही, त्याच्या हाती ती किती धोक्याची आहे, हे १९६३ साली जगाने पाहिलेच.