अकाली जन्मलेल्या बालकांची श्रवण-चाचणी : टोकावडे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जन्मजात बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही, ही वस्तुस्थिती नवजात बालकांच्या श्रवण-चाचणीच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. दुभंगलेला ओठ सुईणीलाही दिसतो. बहिरेपणाची शंका मात्र मूल बोलू लागले नाही म्हणजेच येते.

अमेरिकेत डेन्व्हर येथे मॅरियन डाउन्स यांनी १९६० च्या दशकात सुमारे १७,००० नवजात बालकांना आवाज ऐकवून त्यांची प्रतिक्रिया नोंदविली. निष्कर्ष पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असल्याने ही पद्धत सार्वत्रिक होऊ शकली नाही. तेथील बालश्रवणविषयक संयुक्त समितीने १९७३ मध्ये जोखमीच्या बालकांचे निकष सुचविले. त्यांत १,५०० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजन व तीव्र कावीळ यांचा समावेश होता. अपुऱ्या दिवसांचे मूल या इतिहासात ठळकपणे येते ते येथे.

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी अंतर्कर्णातून उमटणारे सूक्ष्म ध्वनी नोंदविले व त्यातून काही मिनिटांत होणारी ओएई चाचणी विकसित झाली. ती स्वस्त व सुटसुटीत असली, तरी तिची मर्यादा नेमकी अकाली जन्मलेल्या बालकांतच जाणवते. कावीळ किंवा प्राणवायूची कमतरता यांमुळे श्रवणमज्जेला इजा झाल्यास अंतर्कर्ण निर्दोष राहून बालक ओएईमध्ये उत्तीर्ण होऊ शकते. म्हणून अतिदक्षता कक्षात ५ दिवसांहून अधिक राहिलेल्या बालकांसाठी मेंदूपर्यंतचा श्रवणमार्ग तपासणारी बेरा चाचणी आवश्यक असल्याचे उपरोक्त समितीने २००७ मध्ये नमूद केले.

भारतात बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्यानंतरच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे टोकावडे ज्या जिल्ह्यात आहे, तेथूनच ही योजना देशभर गेली. जन्मजात बहिरेपणाचा तिच्या यादीत समावेश आहे. तथापि सहा आठवड्यांपर्यंतच्या बालकाची घरी तपासणी आशा कार्यकर्ती करते आणि ती दृश्य व्यंगांपुरतीच असते. यंत्राची चाचणी मोठ्या रुग्णालयात.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टोकावडे परिसरात हे अंतर केवळ किलोमीटरचे नाही. सातमाशी मूल शहरातील नवजात कक्षातून पाड्यावर परतते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचार हा सर्वमान्य क्रम. मुरबाड-शहापूरमधील अनेक कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्याअखेरीस जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत निदानाचा तिसरा महिना भट्टीवरच उलटतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या फिरत्या पथकासही ते गावात सापडेल असे नाही. आशा कार्यकर्तीची नोंद गावनिहाय, तर कुटुंब गावाबाहेर.

या स्थितीत पुढील तारीख देऊन कुटुंबास परत बोलावण्याची प्रथा अपुरी ठरते. बालकाची प्रकृती स्थिर झाल्यावर, नवजात कक्षातून घरी सोडण्यापूर्वीच बेरा चाचणी करून तिचा निष्कर्ष मातेजवळील कार्डावर मराठीत नोंदविणे अधिक व्यवहार्य होय.