दातांच्या तारा व मुखस्वच्छता

दातांच्या तारा व मुखस्वच्छता : वेड्यावाकड्या दातांवर सौम्य पण सतत दाब देऊन त्यांना योग्य जागी आणणाऱ्या, दातांवर पक्क्या बसविलेल्या साधनांस सामान्यतः ‘तारा’ किंवा ‘ब्रेसेस’ म्हणतात. स्वच्छतेअभावी हीच साधने दंतक्षयास निमित्त ठरतात. त्यामुळे त्यांच्या प्रगतीबरोबर आहार व स्वच्छतेचा विचारही विकसित होत गेला.

फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नालाच्या आकाराची धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधण्याची रीत वर्णिली. पुढे अमेरिकेत एडवर्ड एच. अँगल (१८५५–१९३०) यांनी या उपचारांस शास्त्रीय बैठक दिली. त्यांच्या व नंतरच्या अनेक दशकांच्या पद्धतींत दातांभोवती धातूची कडी सिमेंटने बसवीत. सिमेंट झिजल्यास कड्याखाली अन्न व जंतू शिरत आणि कीड कडे काढेपर्यंत दृष्टीस पडत नसे.

किडीचे कारण विलबी डी. मिलर यांनी १८९० मधील ग्रंथात स्पष्ट केले : तोंडातील जंतू पिष्टमय व गोड पदार्थ आंबवून अम्ल तयार करतात आणि त्यात दंतवल्क विरघळते. स्वीडनमधील व्हीपेहोल्म येथे १९४५–५३ या काळात मनोदुर्बल रुग्णांवर झालेल्या प्रयोगांत, साखरेच्या प्रमाणापेक्षा तिचा चिकटपणा व ती वारंवार खाणे अधिक घातक असल्याचे दिसून आले. नैतिक दृष्ट्या हे प्रयोग आज निषेधार्ह मानले जातात.

मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्कावर अम्लाची प्रक्रिया करून त्यास राळ चिकटविण्याची युक्ती शोधली. तीमुळे पुढे बहुतेक दातांवरची कडी जाऊन लहान खाचपट्ट्या थेट दातांवर बसविता येऊ लागल्या. छुपी कीड घटली. पण खाचपट्टीभोवती पांढरे डाग पडू लागले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत सु. निम्म्या रुग्णांत असे डाग आढळले. तथापि खालच्या पुढील दातांच्या जिभेकडील बाजूस दीर्घकाळ चिकटविलेल्या तारेभोवती ते आढळले नाहीत. तेथील लाळेच्या मुक्त प्रवाहास याचे श्रेय देण्यात आले. अर्थात दोष धातूचा नसून साचलेल्या किटणाचा आहे. १९८८ मधील संशोधनानुसार फ्ल्युओराइडाच्या अभावी असे डाग चार आठवड्यांतही दिसू शकतात.

यावरून आजचे पथ्य ठरले आहे. चिक्की, ऊस, खारीक यांसारख्या कठीण पदार्थांनी खाचपट्ट्या निखळतात, तर चिकट गोड पदार्थ तारेत अडकून राहतात. म्हणून ते वर्ज्य करतात. फळे दातांनी न तोडता चिरून खावीत. प्रत्येक जेवणानंतर तारेच्या वरून व खालून, तसेच हिरडीच्या कडेने फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दात घासावेत; तारेखाली बारीक ब्रश फिरवावा. काढता येणारे पारदर्शक साचे वापरणाऱ्यांनीही ते घालून गोड पेये पिऊ नयेत, कारण साच्याखाली लाळ सहज पोहोचत नाही.