भाऊबंदकी आणि वारणेचा काठ

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण इतिहास वाचण्याची आवड फार. थोरल्या जाऊबाईंशी माझे दर सणाला वाजायचे, म्हणून छत्रपतींच्या घरातली भाऊबंदकी जरा लक्ष देऊनच वाचली!

१७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तर काकू ताराबाई राज्य देईनात. खेडला लढाई झाली. पुढे साताऱ्याची गादी निराळी, कोल्हापूरची निराळी. १७१४ साली खुद्द ताराबाईच कैदेत पडल्या, आणि गादीवर सवतीचा मुलगा संभाजी आला. घरात घर म्हणतात ते हे!

१७३० साली वारणेकाठी संभाजी महाराजांचा पराभव झाला. घरच्या बायका साताऱ्याच्या हाती लागल्या. शाहू महाराजांनी त्यांना मानाने परत पाठविले. ताराबाई मात्र साताऱ्यासच राहिल्या. मला वाटते, तहाची खरी सुरुवात तिथेच झाली. १७३१ साली दोघे चुलतभाऊ कऱ्हाडजवळ जखिणवाडीस भेटले आणि वारणा ही हद्द ठरली.

मी घरी म्हटले, "स्वयंपाकघरात आपणही एक वारणा काढू या." जाऊबाईंना हसू आले. चुली वेगळ्या झाल्या. दिवाळीचा फराळ मात्र एकत्र. यंदा चकल्या त्यांच्या भाजणीच्या होत्या.