हिमावर थांबण्याची विद्या

हिंवाळ्यांत काश्मीरला जावें आणि गुलमर्गच्या हिमाच्छादित कुरणावर एकदां तरी स्कीइंग करून पाहावें, असा बेत आजकाल आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांत होत असतो. पायांना दोन लांब, अरुंद व टोंकाशीं वर वळलेल्या फळ्या बांधून हिमावरून घसरत जावयाचें, ही कल्पनाच मनाला भुरळ घालणारी आहे. प्रथमच जाणारा मनुष्य माहितगाराला बहुधा विचारतो कीं, वेगानें कसें जावें? वास्तविक त्यानें विचारावयास हवें कीं, थांबावें कसें? उतारावरून खालीं जाण्यास कांहींच शिकावें लागत नाहीं. तें काम गुरुत्वाकर्षण आपण होऊन करतें. शिकावें लागतें तें वळणें आणि थांबणें. या खेळाचा इतिहास पाहिला तर तो बव्हंशीं याच दोन विद्यांचा इतिहास आहे. आज नवशिक्याला जे नियम सांगण्यांत येतात, त्यांच्यामागें अनेकांचे अनुभव आणि कित्येकांचीं मोडलेलीं हाडें आहेत. तो इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

या फळ्यांचा जन्म खेळासाठीं झाला नाहीं. उत्तर यूरोपांत व सैबेरियांत वर्षाचे कित्येक महिने जमीन खोल हिमाखालीं गडप असते. तेथें शेजारच्या वस्तीला जाणें, शिकार करणें, सरपण आणणें हीं सारीं कामें या फळ्यांवांचून अडत. नॉर्वेच्या उत्तर भागांत एका बेटावरील खडकावर अशा फळ्यांवर उभ्या असलेल्या मनुष्याची आकृति कोरलेली आढळली असून ती सुमारें ४,००० वर्षांपूर्वींची मानतात. त्याच देशाच्या इतिहासांत १२०६ सालची एक हकीकत प्रसिद्ध आहे. यादवी युद्धाच्या धामधुमींत हाकोन नांवाच्या तान्ह्या राजपुत्राला त्याच्या पक्षाच्या दोन योद्ध्यांनीं फळ्यांवरून डोंगर ओलांडून सुरक्षित स्थळीं नेलें. पुढें तोच नॉर्वेचा राजा झाला. इतक्या दीर्घ काळांत वेग आवरण्याचें मुख्य साधन म्हणजे हातांतील एक लांब काठी. ती हिमांत रोवून तिच्यावर अंगाचा भार टाकावयाचा. टांच सैल असल्यामुळें फळी मनासारखी वळवितां येत नसे.

हें बदललें तें एका गरीब कुळाच्या मुलानें. सॉन्ड्रे नॉर्हाइम याचा जन्म १८२५ सालीं नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांत, मॉर्गेडाल या गांवीं झाला. त्यानें लवचीक डहाळ्या पिळून त्यांचा वेढा टांचेभोंवतीं दिला आणि पाय फळीशीं पक्का केला. शिवाय फळीचा मध्यभाग किंचित् अरुंद ठेवला. या दोन सुधारणांमुळें काठीवर न रेलतां, केवळ शरीराच्या झोंकानें वळणें शक्य झालें. १८६८ सालीं राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथील स्पर्धेंत चाळिशी उलटलेला हा खेडूत पहिला आला, तेव्हां शहरवासी थक्क झाले. आज जगभर रूढ झालेला 'स्लालम' हा शब्द मूळचा याच खेड्यांतील बोलीचा. त्याचा अर्थ उतारावरील वाट. नॉर्हाइम पुढें पोटासाठीं अमेरिकेस गेला आणि १८९७ सालीं तेथेंच वारला.

हा प्रकार यूरोपभर गाजविण्याचें श्रेय फ्रिट्यॉफ नान्सेन या संशोधकाकडे जातें. त्यानें १८८८ सालीं ग्रीनलंडचें हिमपठार फळ्यांवरून ओलांडलें, आणि त्याचा वृत्तांत वाचून जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील तरुणांनीं नॉर्वेहून फळ्या मागविल्या. तथापि आल्प्स पर्वताचे उतार नॉर्वेच्या मानानें फार खडे. तेथें गेलेल्या पहिल्या हौशी प्रवाशांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल हा होता. क्षयानें आजारी असलेल्या पत्नीला हवा मानवावी म्हणून तो दावोस येथें राहिला होता. मार्च १८९४ मध्यें तो डोंगराची खिंड ओलांडून दावोसहून आरोसाला गेला. वाटेंतील एका खड्या उतारावर उभें राहणें अशक्य झाल्यानें त्याला बसूनच घसरत यावें लागलें, आणि त्यांत पाटलोणीची काय दशा झाली, हें त्यानें पुढें स्वतःच मोठ्या विनोदानें लिहिलें आहे. परंतु या गंमतीच्या कथेंतील मर्म निराळें आहे. त्याच्या बरोबर ब्रांगर नांवाचे दोघे स्थानिक बंधु होते, आणि ते आदल्याच वर्षीं त्या खिंडींतून जाऊन आलेले होते. जगप्रसिद्ध लेखकानेंहि हिमावर गांवच्या माणसाचें ऐकलें. नवख्यानें घ्यावयाचा पहिला धडा हाच.

खड्या उतारावर थांबावें कसें, याचा पद्धतशीर विचार केला तो मथियस झ्डार्स्की यानें. हा मोराव्हियांत जन्मलेला गृहस्थ ऑस्ट्रियांत लिलिएनफेल्ड येथें एकांतांत राहत असे. नॉर्वेहून आलेल्या फळ्या त्यानें आंखूड केल्या, धातूचा मजबूत बंध बसविला, आणि फळीचें मागचें टोंक बाहेर ढकलून वेग कमी करीत वळण्याची रीत बसविली. १९०५ सालीं त्यानें निशाणांच्या दारांमधून वळत उतरण्याची शर्यत भरविली. त्याला हिमानें क्षमा मात्र केली नाहीं. पहिल्या महायुद्धांत १९१६ सालीं, हिमकड्याखालीं गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या सुटकेस गेला असतां तो स्वतःच कोसळत्या हिमाखालीं सांपडला. शरीरांतील अनेक हाडें मोडूनहि तो जगला आणि पुनः फळ्यांवर उभा राहिला.

झ्डार्स्कीनंतर नांव घ्यावयाचें तें हानेस श्नाइडरचें. ऑस्ट्रियांतील आर्लबर्ग भागांत १८९० सालीं जन्मलेला हा मनुष्य १९०७ सालीं सेंट अँटन या गांवीं शिक्षक म्हणून आला. पहिल्या महायुद्धांत त्यानें पहाडी सैनिकांना शिकविलें आणि युद्धानंतर रीतसर शाळा चालविली. आपणां शिक्षकांना त्याची पद्धत चटकन पटेल. वर्ग पाडावयाचे, सोपें आधीं आणि कठीण मागून, आणि एक पाठ पक्का झाल्यावांचून दुसरा द्यावयाचा नाहीं. पहिला पाठ असा: फळ्यांचीं पुढचीं टोंकें जवळ व मागचीं दूर ठेवून, गुडघे वांकवून, आंतल्या कडांवर भार द्यावयाचा. हिम दूर सारणाऱ्या फाळासारखी ही आकृति झाली कीं वेग आपोआप मंदावतो. आजहि बहुतेक सर्व ठिकाणीं नवशिक्याला प्रथम हेंच शिकवितात. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळंकृत करतांच श्नाइडरला कैद झाली; सुटकेनंतर १९३९ सालीं तो अमेरिकेस गेला व तेथेंहि त्यानें तीच विद्या शिकविली.

या पाठांत नवशिक्याची मुख्य चूक कोणती होते, हें सांगणें अवश्य आहे. उतार पाहून तो भीतीनें मागें रेलतो. मागें रेललें कीं फळ्यांचीं पुढचीं टोंकें हलकीं होतात आणि ताबा सुटतो. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली असावी आणि दृष्टि पायांकडे न ठेवतां पुढें असावी. तोल गेलाच तर बाजूला, डोंगराच्या अंगाला पडावें. हात टेकूं नये. उठतांना फळ्या आधीं उताराला आडव्या कराव्या, नाहीं तर उभें राहतां राहतांच पुनः घसरगुंडी सुरू होते.

वळण्याच्या या विद्येला शर्यतींत मानाचें स्थान देणाऱ्या गृहस्थाचा जन्म आपल्याच देशांतला. आर्नोल्ड लन हा १८८८ सालीं मद्रासला जन्मला. त्याचे वडील तेथें मिशनरी होते. १९२२ सालीं स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथें त्यानें आधुनिक स्लालमची शर्यत घडवून आणली. हिंदुस्थानाशीं या खेळाचा आणखी एक धागा आहे. १९११ सालीं मोंटाना येथें जी उताराची शर्यत झाली, तिच्या चषकाला लॉर्ड रॉबर्ट्सचें नांव होतें; १८८० सालीं काबूलहून कंदाहारवर केलेल्या कूचामुळें त्याच्या किताबांत कंदाहार हा शब्द आला होता. त्यामुळें अफगाणिस्तानांतील त्या शहराचें नांव आल्प्समधील शर्यतींना आजतागायत चिकटलेलें आहे. उताराच्या व स्लालमच्या शर्यतींना ऑलिंपिकमध्यें प्रवेश मिळाला तो १९३६ सालीं.

येथपर्यंतच्या इतिहासांत एक गोष्ट समान होती. जो खालीं येई, तो आधीं पायांनीं वर गेलेला असे. चढतांना दम लागे, उतार नीट पाहावयास मिळे, आणि ज्याला चढवत नसे त्याच्यावर तेथून उतरण्याचा प्रसंगहि येत नसे. १९३४ सालीं दावोसला दोरानें ओढून नेणारा पाळणा सुरू झाला, आणि १९३६ सालीं अमेरिकेंत सन व्हॅली येथें बसून वर जावयाची खुर्ची आली. सोय मोठीच झाली. परंतु त्या दिवसापासून नवखा मनुष्य आपल्या योग्यतेपलीकडील उंचीवर कांहीं मिनिटांत पोंचूं लागला. प्रथमच जाणाऱ्यानें हें सर्वांत अधिक ध्यानांत ठेवावें. यूरोपांत सोप्या वाटांना निळी, मध्यम वाटांना तांबडी व कठीण वाटांना काळी खूण असते. फ्रान्समध्यें त्याहून सोप्या वाटांना हिरवी. निळ्या वाटेवर हवें तेथें थांबतां येईपर्यंत तांबडीकडे वळूं नये.

साधनांनाहि असाच इतिहास आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या ह्यालमार ह्वाम या नॉर्वेजियन खेळाडूचा पाय १९३७ सालीं मोडला. पडतांना बूट फळीपासून सुटत नाहीं म्हणून हाड मोडतें, हें ओळखून त्यानें आपोआप सुटणारा बंध तयार केला. आजचा बंध मनुष्याचें वजन, उंची, वय व कौशल्य पाहून लावतात. म्हणून फळ्या भाड्यानें घेतांना वजन कमी सांगूं नये व आपण नवखे आहोंत हें लपवूं नये. बूट घट्ट असावा, परंतु बोटें हलावीं. आंत मोजा एकच घालावा. शिरस्त्राण व काळा चष्मा हे अवश्य. हिमावरून परतणारें ऊन चेहरा भाजून काढतें.

१९६७ सालीं आंतरराष्ट्रीय स्की संघानें उतारावरील वर्तनाचे नियम ठरविले. त्यांतील मुख्य असा कीं, मागून येणाऱ्यानें पुढच्याला सांभाळून वाट काढावी. याचें दुसरें अंग नवख्यानें जाणावें: अरुंद जागीं किंवा वरून न दिसणाऱ्या वळणापलीकडे थांबूं नये, आणि निघण्यापूर्वीं वरच्या बाजूस पाहावें.

आतां गुलमर्गकडे येऊं. सुमारें २,६५० मीटर उंचीवरील या कुरणावर इंग्रज अधिकाऱ्यांनीं १९२७ सालीं स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या डिसेंबरांत, जनरल थिमय्या यांनीं येथें सैनिकांसाठीं स्कीची शाळा काढली. तिचेंच पुढें उंच पर्वतावरील युद्धशिक्षणाचें विद्यालय झालें. आकाशपाळण्याचा पहिला टप्पा १९९८ सालीं कोंगडोरीपर्यंत, व दुसरा २००५ सालीं अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारें ३,९५० मीटरपर्यंत, सुरू झाला. वरील उतार बहुतांशीं नैसर्गिक स्थितींत आहेत. जगांतील निष्णात खेळाडू त्यासाठींच येथें येतात. परंतु ८ फेब्रुवारी २०१० रोजीं याच डोंगरावर हिमकडा कोसळून त्या विद्यालयाचे १७ जवान मृत्युमुखीं पडले, आणि १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवतच्या उतारावर पोलंडचे दोघे खेळाडू तसेच गेले. शिकलेल्यांची ही कथा. हिमाखालीं गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वांचण्याचा संभव पुष्कळ असतो. पुढें तो झपाट्यानें घटतो. हिमकड्याच्या धोक्याचे पांच दर्जे सांगण्याची पद्धत आहे, त्यांतील तिसरा दर्जा मधला म्हणून कोणी बेफिकीर राहूं नये. तोहि गंभीर धोक्याचाच आहे.

म्हणून नवख्यानें खालच्या कुरणावरील सौम्य उतारावरच आरंभ करावा. पोंचल्याचा पहिला दिवस विरळ हवेची संवय होण्यासाठीं ठेवावा, पाणी भरपूर प्यावें, आणि शिक्षक एका तासासाठीं न ठेवतां सलग तीन-चार दिवसांसाठीं ठेवावा. नवे हिम पुष्कळ पडलें असेल, आणि गस्तीच्या लोकांनीं वरचा उतार बंद ठेवला असेल, तर पैसे फुकट गेले म्हणून हट्ट धरूं नये. पाळण्यांतून वर जाऊन देखावा पाहावा आणि त्याच पाळण्यांतून खालीं यावें. यांत कमीपणा मुळींच नाहीं. मुलांना मात्र शिक्षकाच्या हातीं देऊन आपण दूर उभें राहावें. तीं आपल्याहून लवकर शिकतात, आणि आईबापांची भीति त्यांना लवकर लागते.

परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतील, किती उंचावरून आलांत? त्यांना सांगावें कीं, थोड्याच उंचीवरून आलों, परंतु जेथें ठरविलें तेथें थांबलों. चार दिवसांत इतकें साधलें तरी प्रवास सार्थकीं लागला असें मी समजतों.