मैदा-मिठाची खेळायची 'क्ले' घरी कशी करायची? मुलाने ती खाल्ली तर काय?

पोळा जवळ आला की भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावांत मातीचे बैल दिसू लागतात आणि लहान मुलांचे हातही चिखलात जातात. हाच खेळ वर्षभर घरात खेळायचा असेल, तर मैदा-मिठाचा रंगीत गोळा हा स्वस्त पर्याय आहे. मात्र त्यातल्या मिठाबद्दल पालकांना माहिती असायलाच हवी.

शेतातली माती का नको?

मराठवाड्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून तिच्या खेळण्यांना लवकर भेगा पडतात. शिवाय शेतातल्या मातीत काचा, शेण किंवा फवारणीचे अंश असू शकतात.

साहित्य आणि कृती

1 वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल, 1 चमचा लिंबाचा रस.

1. मैदा आणि मीठ एकत्र करा. मोजायचं आणि कालवायचं काम मुलांना द्या.
2. पाणी, तेल आणि लिंबाचा रस घालून गुठळ्या मोडा.
3. हे मिश्रण कढईत मंद आचेवर सतत ढवळा. कडा सोडून गोळा झाला की गॅस बंद करा. हे काम मोठ्यांनीच करावं.
4. गोळा पूर्ण थंड झाल्यावर मुलांना मळू द्या. आतून तो बराच वेळ गरम असतो.

रंगासाठी हळद, किंवा साध्या पाण्याऐवजी बिटाचं वा पालकाचं पाणी वापरता येतं. हळदीचे डाग कपड्यांवर राहतात, तेव्हा जुने कपडे घाला.

कोणता घटक काय करतो?

मैद्यातल्या ग्लुटेनमुळे गोळा ताणला जातो. शिजवल्यावर पीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून तो मऊ राहतो. तेलामुळे तो हाताला चिकटत नाही, तर मिठामुळे बुरशी लवकर धरत नाही.

मुलाने खाल्लं तर?

या गोळ्याच्या वजनात साधारण पाव भाग मीठ असतं. म्हणजे 20 ग्रॅमच्या लहानशा गोळीत सुमारे 5 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानेही दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं.

खारट चवीमुळे बहुतेक मुलं पहिलाच घास थुंकतात. पण मुलाने बरंच खाल्लं असेल, किंवा उलट्या, खूप तहान, गुंगी जाणवली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. घरी बोटं घालून उलटी काढू नका.

प्रत्येक गोष्ट तोंडात घालण्याच्या वयातल्या मुलांना हा गोळा देऊ नये. त्याहून मोठी मुलं खेळतानाही कुणीतरी जवळ बसावं. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर मैदा टाळा. तांदळाचं पीठ चालतं, पण गोळा तितका ताणला जात नाही.

याचा फायदा काय?

दाबणं, वळणं, चिमटणं यातून बोटांचे स्नायू मजबूत होतात. पुढे पेन्सिल धरताना हेच कामी येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून शिकवण्यावर त्यांचा भर होता.

बाजारातल्या 'प्ले-डो'ची गोष्टही रंजक आहे. अमेरिकेत भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायला असाच एक मऊ गोळा विकला जायचा. तो मुलांना खेळायला आवडतो हे लक्षात आल्यावर 1956 मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला.

किती दिवस टिकतो?

घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा चिकट होतो. तेव्हा थोडा मैदा घालून पुन्हा मळा. वास आला किंवा ठिपके दिसले तर टाकून द्या. उघड्यावर मात्र फेकू नका. एवढं मीठ कुत्र्यांसाठीही घातक ठरू शकतं.