बंदीतली दया

ईस्टरनंतरचा रविवार कॅथलिक जगात ‘दैवी दयेचा रविवार’ म्हणून पाळला जातो. या भक्तीच्या प्रसारावर खुद्द रोमनेच एकोणीस वर्षे बंदी घातली होती, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते.

या भक्तीच्या मुळाशी असलेल्या सिस्टर फाउस्टीना कोवाल्स्का (१९०५-१९३८) पोलंडमधल्या एका गरीब शेतकऱ्याच्या कन्या. शाळा जेमतेम तीन वर्षे. मठात वाट्याला आलेली कामे स्वयंपाकाची, बागेची, दार राखण्याची. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी त्यांना ख्रिस्तदर्शन झाले. छातीतून लाल आणि फिकट असे दोन किरण निघत होते, असे त्या लिहितात. त्या वर्णनावरून १९३४ साली चित्र तयार झाले. पापनिवेदन ऐकणाऱ्या फादर सोपोच्कोंच्या सांगण्यावरून त्यांनी दैनंदिनीही लिहिली.

१९५९ साली बंदी आली. सदोष भाषांतरे हे तिचे एक कारण सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. अल्पशिक्षित स्त्री देवाचे शब्द थेट लिहून काढते, याने धर्मपीठे अस्वस्थ होतातच. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

नाझी अंमलात क्राकूव्हच्या सॉल्वे कारखान्यात राबणारा एक तरुण लाकडी पादत्राणे घालून फाउस्टीनांच्या मठावरून जात असे. त्याच कारोल वोयतिवाने पुढे आर्चबिशप म्हणून १९६५ मध्ये त्यांच्या जीवनाची रीतसर चौकशी सुरू करवली. एप्रिल १९७८ मध्ये बंदी उठली. ऑक्टोबरात तो पोप झाला, दुसरा जॉन पॉल. ३० एप्रिल २००० रोजी त्याने त्यांना संतपद दिले.

‘मला कुणाची दया नको,’ असे आपण म्हणतो, कारण दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. १९८० च्या आपल्या परिपत्रकात पोपने नेमका हाच आक्षेप विचारात घेतला आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलाला लाजवत नाही. त्याचे पुत्रत्व शाबूत असल्याचे ओळखतो, असे त्याचे उत्तर. आजच्या सूडाच्या भाषेपुढे हे उत्तर मला मोलाचे वाटते. पण ते न्यायाची जागा घेते काय?

१९८१ साली पोपवर गोळ्या झाडणाऱ्या मेहमत अली आग्जाला त्याने क्षमा केली, १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेटही घेतली. आग्जा मात्र २००० पर्यंत इटलीच्या कैदेतच होता, आणि त्यानंतर तुर्कस्तानच्या.